बजेट तेच, मुदत तीच आणि इमारत मात्र शाश्वत हवी: सुरुवात कुठून करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी स्थापत्य अभियंता. पाच वर्षं साइटवर काढली. आता एका नव्या उत्पादन शेडचं आणि त्याला लागून असलेल्या कार्यालयाचं प्रकल्प व्यवस्थापन माझ्याकडे आलं आहे. पहिल्याच बैठकीत सांगितलं गेलं की प्रकल्प 'शाश्वत' हवा, पण मुदत आणि बजेट वाढणार नाही. मी प्रमाणपत्राच्या मागे लागू, सॉफ्टवेअर शिकू, की सल्लागार नेमू? आणि मुळात हे काम डिझायनरचं की माझं?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुमचं. डिझायनर चांगली रचना कागदावर देतो. ती जमिनीवर येईपर्यंत त्यातलं काय टिकेल आणि काय गळून पडेल, हे वेळापत्रक, खरेदी आणि बैठकीत घाईघाईने घेतलेले निर्णय ठरवतात. हे तिन्ही तुमच्या टेबलावर असतात. सव्वीस वर्षं कारखाने आणि इमारती उभ्या केल्यावर माझं मत असं झालंय की शाश्वत रचनेतला प्रत्येक निर्णय हा नाशवंत माल आहे. त्याला तारीख असते. ती उलटली की तोच निर्णय आधी महाग होतो, मग वादाचा होतो आणि शेवटी अशक्य. सल्लागार आणि सॉफ्टवेअरचं नंतर बघू. आधी तुमचा बार चार्ट, म्हणजे कामांचं वेळापत्रक, उघडा आणि हे निर्णय त्यात कुठे आहेत ते शोधा. बहुधा कुठेच नसतील.

माझी स्वतःची एक फजिती सांगते, म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल. एका प्रकल्पात स्ट्रक्चरल डिझायनरने सगळ्याच काँक्रीटमध्ये निम्मं सिमेंट कमी करून त्या जागी स्लॅग घालायचं ठरवलं होतं. स्लॅग म्हणजे लोखंडाच्या झोतभट्टीतली मळी, दळून बारीक केलेली. प्रयोगशाळेत मिक्स उत्तम आलं, २८ दिवसांची ताकद हवी होती त्याहून जास्त. मी खुशीत सही केली. पहिला स्लॅब ओतला आणि चौथ्या दिवशी सेंटरिंगवाल्याने विचारलं, "प्लेटा कधी काढू?" वेळापत्रकात दर आठ दिवसांनी एक स्लॅब धरला होता आणि प्लेटांचा, म्हणजे काँक्रीट घट्ट होईपर्यंत पेलणाऱ्या साच्यांचा, संच त्या हिशेबाने मोजकाच आणला होता. स्लॅगचं काँक्रीट शेवटी भरपूर ताकद घेतं, पण सुरुवातीला निवांत असतं. हवा थंड असेल तर जास्तच निवांत. क्यूब, म्हणजे त्याच काँक्रीटचे चाचणीचे ठोकळे, फोडले, आकडा अपुरा. कंत्राटदार म्हणाला, "मॅडम, थोडं सिमेंट वाढवू." वाढवलं. पुढच्या स्लॅबला आणखी वाढवलं. तिसऱ्या स्लॅबपर्यंत आमचं ते 'कमी सिमेंटचं' मिक्स साध्या मिक्सच्या जवळ येऊन बसलं होतं. यात कुणी लबाडी केली नव्हती. डिझायनरचं बरोबर होतं, कंत्राटदाराचंही बरोबर होतं. चूक माझी होती. मिक्स डिझाइन आणि वेळापत्रक हे दोन कागद मी कधी एका टेबलावर ठेवलेच नव्हते.

आता मी काँक्रीटचा विचार कामागणिक करते. राफ्ट, पाइल कॅप यांसारखे पायाचे भाग, भूमिगत टाकीच्या भिंती यांच्यावर पूर्ण भार यायला कित्येक महिने असतात. तिथे २८ ऐवजी ५६ दिवसांची ताकद मागितली तर कुणाचं काही अडत नाही आणि स्लॅगचं प्रमाण निम्म्याच्याही वर नेता येतं. जाड राफ्टमध्ये तर काँक्रीट आतून कमी तापतं, म्हणून तडे जायचा धोकाही कमी होतो. स्लॅबसाठी बदल बेताचा ठेवते. किंवा प्लेटा-टेकूंचा एक संच जास्त मागवते, म्हणजे काँक्रीटला वेळ मिळतो. किंवा काँक्रीटमध्ये तापमानाचे सेन्सर टाकून त्यावरून ताकदीचा अंदाज घेते. टाकीत बुडवलेला क्यूब आणि प्रत्यक्ष स्लॅब एकाच तापमानात वाढत नाहीत, त्यामुळे कितीदा तरी स्लॅब तयार असतो आणि आपण क्यूबची वाट बघत बसतो. एका जादा संचाचं भाडं आणि दर घनमीटरमागे वाचलेलं सिमेंट यांचा हिशेब मांडून बघा. तो करायला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही, पण तो कंत्राट देण्याआधी करावा लागतो. नंतर भाड्याचा वाद सुरू होतो.

सिमेंटवर एवढा जोर का, हेही सांगते, कारण बैठकीत कुणीतरी विचारणारच. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटचा आहे. भट्टी साधारण १,४५० अंशांपर्यंत तापवावी लागते, त्याचं इंधन आलंच. पण मोठा वाटा इंधनाचा नाही. चुनखडी तापवली की ती फुटते आणि १०० किलो शुद्ध चुनखडीतून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. क्लिंकरच्या, म्हणजे दळून सिमेंट करण्याआधी भट्टीतून निघणाऱ्या गोळ्यांच्या, उत्सर्जनातला जवळपास ६० टक्के भाग या रासायनिक क्रियेचा असतो. भट्टी उद्या सौरऊर्जेवर चालवली तरी तो जात नाही. म्हणून क्लिंकरच कमी वापरणं हा सरळ मार्ग. स्लॅग आणि फ्लाय अ‍ॅश (कोळशाच्या वीजकेंद्रांतली राख) यांचा पुरवठा मात्र मर्यादित आहे आणि कोळशावरच्या भट्ट्या आणि वीजकेंद्रं जसजशी कमी होतील तसा तो आटत जाईल. त्या दृष्टीने एलसी३ नावाचं सिमेंट लक्षात ठेवा. साधारण निम्मं क्लिंकर, ३० टक्के भाजलेली चिकणमाती, १५ टक्के न भाजलेली चुनखडी आणि बाकी जिप्सम. चिकणमाती सिमेंटपेक्षा खूप कमी तापमानाला भाजते आणि ती मुबलक आहे. ते मिळत असेल तर त्याचं चाचणी मिक्स आजच सुरू करा. 'आजच' म्हणते, कारण चाचणीच्या निकालाला २८ दिवस लागतात आणि पायाचं काँक्रीट त्याआधी पडलं तर सगळं वरातीमागून घोडं.

आता तारखांकडे येते. प्रकल्पाच्या सुरुवातीला निर्णयाचा प्रभाव मोठा आणि बदलाचा खर्च कमी असतो, शेवटाकडे हे उलटं होतं. बॉइड पॉलसन यांनी १९७६ मध्ये हा आलेख मांडला, पुढे वास्तुरचनाकार पॅट्रिक मॅक्लिमी यांच्या नावाने तो जास्त गाजला. प्रत्येक प्रशिक्षणात तो दाखवतात, सगळे माना डोलावतात आणि साइटवर येऊन तेच करतात. कारण आलेखावर तारीख लिहिलेली नसते. मी काय करते, तर प्रत्येक निर्णयासमोर 'शेवटची तारीख' असा एक रकाना ठेवते आणि ती तारीख मागे मोजत काढते. ट्रान्सफॉर्मर साइटवर कधी हवा? त्यातून बनवायचा कालावधी वजा करा, मंजुरीचे आठवडे वजा करा, टेंडरचे वजा करा. जी तारीख उरते तोपर्यंत तुम्हाला विजेचा भार नक्की माहीत हवा. आणि भार नक्की कळायला छताचं इन्सुलेशन, खिडक्या, दिवे आणि यंत्रांची यादी त्याच्याही आधी ठरलेली हवी. हे गणित एकदा केलं की अंगावर काटा येतो, कारण बऱ्याच तारखा मागच्या महिन्यात गेलेल्या निघतात.

ती वेळ टळली की काय होतं? लोक अंदाज करतात आणि अंदाजावर सुरक्षिततेचे थर चढतात. उत्पादन विभाग म्हणतो, पुढे लागेल म्हणून १० टक्के जास्त धरा. प्रोसेस इंजिनिअर त्यावर स्वतःचे १५ टक्के ठेवतो. विद्युत सल्लागार त्यावर २०. तिघेही आपापल्या जागी शहाणे. पण १.१ गुणिले १.१५ गुणिले १.२ केलं की १.५२ येतं, म्हणजे गरजेच्या दीडपट यंत्रणा. मग ती आयुष्यभर दोन-तृतीयांश भारावर, खराब कार्यक्षमतेत चालत राहते. माझ्या बैठकीत मी एकच नियम ठेवलाय: जो आकडा देईल त्याने 'निव्वळ' आकडा द्यायचा, आणि राखीव टक्केवारी सगळ्यांची मिळून एकदाच, एकाच ठिकाणी, सगळ्यांसमोर लावायची. पहिल्यांदा कुरकुर होते, कारण लपवलेली जादा टक्केवारी उघडी पडते.

कारखान्याचं काम असल्याने पाइपांची गोष्ट सांगायलाच हवी. १९९७ मध्ये इंटरफेस या गालिचे बनवणाऱ्या कंपनीचा शांघायमध्ये कारखाना उभा राहत होता. एका अभिसरण यंत्रणेच्या मूळ आराखड्यात पंपांना मिळून ९५ अश्वशक्ती लागणार होती. यान स्किलहाम या अभियंत्याने दोन बदल केले. पाइप जाड घेतले आणि पंप लहान. आणि आधी पाइपांचा मार्ग आखला, यंत्रं त्यानंतर मांडली, म्हणजे पाइप आखूड आणि सरळ झाले. लागणारी शक्ती ९५ वरून ७ अश्वशक्तीवर आली. यात नवं तंत्रज्ञान काही नव्हतं. तेवढाच प्रवाह वाहत असेल तर पाइपमधलं घर्षण व्यासाच्या साधारण पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतं, हे प्रत्येक अभियंता दुसऱ्या वर्षात शिकतो. व्यास १०० मिलिमीटरवरून १२५ केला तर घर्षण एक-तृतीयांशावर येतं, १५० केला तर आठव्या हिश्श्याच्या जवळ. मग सगळे असं का करत नाहीत? याचं उत्तर व्यवस्थापनात आहे. यंत्रांची मांडणी एक टीम करते, पाइपिंगचं ड्रॉइंग सगळ्यात शेवटी, उरलेल्या जागेतून वाट काढत दुसरी टीम करते, आणि पाइपचं बजेट व विजेचं बिल वेगवेगळ्या खात्यांत असतं. पाइपवाल्याने व्यास वाढवला तर त्याच्या खात्यात खर्च वाढतो, श्रेय मात्र पंपवाल्याला जातं. या दोन्हींचं बजेट मिळून एकच ठेवणं हे तुमच्या हातात आहे, डिझायनरच्या नाही. माझ्या अनुभवात ९२ टक्के बचत कधी झालेली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते. पण मांडणीच्या बैठकीला पाइपिंगवाल्याला पहिल्या दिवशी बोलावलं आणि एकही मोठा पंप लहान झाला नाही, असंही कधी झालेलं नाही.

क्रमाचा हाच मुद्दा न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या नूतनीकरणात दिसतो. ही इमारत १९३१ ची. २००९ च्या सुमारास तिथे ऊर्जाबचतीचं मोठं काम हाती घेतलं गेलं, तेव्हा थंडाव्याची यंत्रणा जुनी झाली होती आणि ती बदलून क्षमता वाढवणं हा सरधोपट मार्ग होता. त्यांनी आधी भार कमी केला. ६,५१४ खिडक्या इमारतीतच एका मजल्यावर कार्यशाळा मांडून पुन्हा तयार केल्या, जुनीच काच वापरून मध्ये एक पातळ थर घातला. रेडिएटरच्या मागे उष्णता परावर्तित करणारे पत्रे बसवले. एवढं झाल्यावर चिलर, म्हणजे थंडाव्यासाठी पाणी गार करणारी यंत्रं, बदलायची गरजच उरली नाही, आहेत तेच दुरुस्त करून भागलं. एकूण ऊर्जेत ३८ टक्के कपात झाली. समजा त्यांनी उलट क्रम लावला असता, आधी मोठे चिलर घेतले असते आणि मग दोन वर्षांनी खिडक्या, तर दोन्ही कामं झाली असती, दोन्ही खर्च झाले असते आणि मोठे चिलर रिकामे घुमत बसले असते.

तुमच्या शेडच्या लोखंडाकडेही बघा. केंब्रिज विद्यापीठातल्या मोयनिहान आणि ऑलवुड यांनी ब्रिटनमधल्या २३ पोलादी सांगाड्याच्या इमारतींतल्या १०,००० हून अधिक तुळया तपासल्या. अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी तुळई आपल्या क्षमतेच्या निम्म्याहूनही कमी वापरात होती. डिझायनर आळशी असतात असा याचा अर्थ घेऊ नका. कारण पुन्हा तुमच्या-माझ्याकडे येतं. भार उशिरा कळतो, म्हणून तो जास्त धरतात. फॅब्रिकेटरला दहा वेगवेगळे सेक्शन, म्हणजे तुळयांचे आकार, नकोत, क्रेनवाल्याला गोंधळ नको, म्हणून सगळीकडे सर्वांत जड सेक्शन घालून मोकळे होतात. आणि ड्रॉइंगसाठी दिलेला वेळ इतका कमी असतो की एकदा चालणारी तुळई सापडली की पुन्हा हलकी करून बघायला कुणाला उसंत नसते. सेक्शनची संख्या मर्यादित ठेवणं साइटवर खरोखर उपयोगी आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण डिझायनरला 'दुसरी फेरी' म्हणून दोन आठवडे वेळापत्रकात स्वतंत्र ओळ टाकून द्या. पोलादाच्या खरेदीवर त्या दोन आठवड्यांइतका परतावा दुसरं काहीच देत नाही. खांबांमधलं अंतर ठरवताना तर सही करण्याआधी एकदा थांबाच. 'पुढेमागे मोकळी जागा बरी' एवढ्या एका वाक्यावर मी नऊ मीटरचा गाळा बारा मीटर होताना पाहिलाय. लांबी वाढली की वाकणं चौथ्या घाताने वाढतं, म्हणजे त्याच तुळईवर दर मीटरला तेवढ्याच भाराने ३.१६ पट. ते आवरायला सगळं जाड करावं लागतं.

सर्वांत मोठी बचत मात्र न बांधलेल्या भागात असते. एकदा ग्राहकाला तयार मालासाठी एक जास्तीचं गोदाम हवं होतं. ड्रॉइंग तयार, टेंडर जाणार. स्टोअरच्या एका वयस्क पर्यवेक्षकाने चहाच्या वेळी सहज म्हटलं की माल आठवड्यातून दोनदा न्यायला गाड्या येतात म्हणून तो साठतो, रोज आल्या तर गोदाम लागणारच नाही. खरंच लागलं नाही. हे त्याला आधी कुणी विचारलं नव्हतं, कारण गरज ठरवणाऱ्या बैठकीला त्या दर्जाच्या माणसाला बोलवायची पद्धत नव्हती. तुम्ही बोलवा.

शेजाऱ्यांनाही विचारा. डेन्मार्कमधल्या कालुंडबोर्ग इथे १९७२ पासून तेलशुद्धी कारखान्यातला जाळून टाकला जाणारा वायू शेजारचा जिप्सम बोर्डाचा कारखाना वापरू लागला. पुढे वीजकेंद्राची वाफ, धूर धुताना तयार झालेलं जिप्सम, पाणी असं बरंच काही एकमेकांकडे जाऊ लागलं. कुणी मोठा आराखडा केला नव्हता, दोघादोघांचे करार होत गेले. तुमच्या प्रकल्पात एवढं जमेल असं नाही, पण कुंपणापर्यंत एक रिकामी पाइप-वाट राखून ठेवायला आज जवळजवळ काहीच लागत नाही.

आता ज्या ठिकाणी चांगल्या रचनेचा खरा बळी जातो तिथे येऊ: खरेदी. स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेलं असतं 'अमुक किंवा त्यासारखं'. हे 'त्यासारखं' ठरवायची वेळ येते तेव्हा काम आठ दिवस मागे असतं, मूळ माल सहा आठवड्यांनी येणार असतो आणि कंत्राटदाराच्या हातात दुसऱ्या मालाचा नमुना असतो. दिसायला सारखाच. तुम्ही सही करता. याला सन्मानाने 'व्हॅल्यू इंजिनिअरिंग' म्हणतात. मूळ संकल्पना चांगली आहे, तेच काम कमी साधनांत करणं. प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा 'दर कमी करा' एवढीच उरते.

यावर मला तीन गोष्टी उपयोगी पडल्या. पहिली, ज्या मालाने खरोखर फरक पडतो असे पाच-सहा जिन्नसच निवडायचे: सिमेंट, सळई, स्ट्रक्चरल पोलाद, छताचं इन्सुलेशन, काच, मोठी यंत्रं. बाकी रंग आणि गालिच्यांवर बैठका घालवायच्या नाहीत. दुसरी, या जिनसांसाठी पर्याय सुचवायला टेंडरमध्येच तारीख घालायची आणि त्यानंतर आलेला पर्याय बघायचाच नाही. तिसरी, पर्यायासोबत उत्पादनाची पर्यावरण घोषणा, ज्याला बाजारात ईपीडी म्हणतात, ती मागायची. युरोपीय मानक ईएन १५८०४ प्रमाणे केलेली असेल तर तिच्यात कच्चा माल, कारखान्यापर्यंतची वाहतूक आणि उत्पादन हे ए१ ते ए३ टप्पे वेगळे दाखवलेले असतात. साइटपर्यंतची वाहतूक ए४, साइटवरचं काम आणि वाया गेलेला माल ए५, वापरातलं आयुष्य बी आणि पाडापाडीपासून विल्हेवाटीपर्यंतचं सी. वाचताना एकच फसगत सांभाळा: किलोमागचा आकडा बघून दोन साहित्यांची तुलना करू नका. ज्याचा किलोमागचा आकडा छोटा, तो माल कधी तिप्पट किलो लागतो. तुलना नेहमी कामाची करा. एवढा गाळा, एवढा भार, एवढी वर्षं, त्याला एकूण किती.

करारात हे सगळं लिहिलेलं असेल तरच टिकतं. एनईसी या प्रमाणित करारमालिकेत २०२२ पासून हवामानबदलाविषयीचं एक्स२९ हे ऐच्छिक कलम आहे. त्यात कंत्राटदाराने काय साधायचं ते लिहून देता येतं आणि साधलं की मोबदला, नाही साधलं तर कपात असा तक्ता जोडता येतो. तुमचा करार दुसरा असला तरी कल्पना उसनी घ्यायला हरकत नाही. नुसती दंडाची तरतूद मात्र करू नका. दंड असला की कागद सुधारतात, काम सुधारतंच असं नाही.

वेळापत्रकाबद्दल थोडं. क्रिटिकल पाथ पद्धत, म्हणजे प्रकल्पाची मुदत ठरवणारी कामांची साखळी शोधायची रीत, १९५७ च्या सुमारास ड्यूपॉन्ट आणि रेमिंग्टन रँड यांच्या लोकांनी तयार केली, आजची सगळी सॉफ्टवेअरं तिच्यावर उभी आहेत. पण ती काय व्हायला हवं ते सांगते, या आठवड्यात काय होऊ शकतं ते सांगत नाही. ग्लेन बॅलर्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी १९९० च्या दशकात साइटवरची साप्ताहिक आश्वासनं मोजली तेव्हा जेमतेम निम्मी, सुमारे ५४ टक्के, पूर्ण होत होती. त्यातून लास्ट प्लॅनर ही पद्धत आली: काम करणाऱ्या मुकादमानेच आश्वासन द्यायचं, आणि ड्रॉइंग, माल, जागा, मंजुरी हे सगळं मोकळं झाल्याशिवाय द्यायचं नाही. याचा शाश्वततेशी काय संबंध, असं वाटेल. पुन्हा फोडून केलेली भिंत, चुकीच्या उंचीवर टाकून मग कापलेला डक्ट, पावसात भिजून फेकलेलं इन्सुलेशन, हे सगळं एकदा तयार झालेलं, वाहून आणलेलं साहित्य असतं. कचऱ्याच्या ढिगाचा फोटो काढून पुनर्वापराची टक्केवारी काढतात, त्यापेक्षा तो ढीग कुठल्या तारखेच्या कुठल्या गोंधळाने झाला ते विचारावं.

शेवटचे सहा आठवडे तर मुळीच सोडू नका. प्रकल्प उशिरा धावत असला की पहिली कात्री कमिशनिंगला, म्हणजे यंत्रणा चालवून तपासण्या-जुळवण्याच्या कामाला, लागते, कारण ते काम नजरेला दिसत नाही. फरशी नसेल तर उद्घाटन होत नाही, हवेचं संतुलन केलेलं नसेल तर होतं. एका कार्यालयात सगळ्या पंख्यांना व्हीएफडी, म्हणजे वेग कमी-जास्त करणारे नियंत्रक, बसवले होते, पैसे मोजून. चाचणीला वेळ नव्हता म्हणून ते हाताने पूर्ण वेगावर ठेवून हँडओव्हर झालं. वर्षभराने मी सहज गेले तेव्हाही ते तसेच घुमत होते. पंख्याची शक्ती वेगाच्या तिसऱ्या घाताने बदलते, वेग ८० टक्क्यांवर आणला की शक्ती जवळपास निम्म्यावर येते. म्हणजे साधनं सगळी होती, फक्त दोन दिवसांचं काम कुणी केलं नव्हतं आणि वर्षभर दुप्पट वीज जळत होती. हवाबंदपणाची चाचणीही अशीच. जर्मनीतल्या डार्मश्टाट इथे १९९०-९१ मध्ये पहिलं पॅसिव्ह हाऊस, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत उबदार राहणारं घर, बांधलं गेलं. या मानकात ५० पास्कल दाबाला तासाभरात आतल्या हवेच्या ०.६ पटीहून जास्त हवा बदलता कामा नये. तुम्हाला एवढं कडक मानक नको असेल, पण चाचणी करणार असाल तर फॉल्स सीलिंग बसायच्या आधी करा. नंतर केली तर गळती सापडते, पण तिथवर हात पोचत नाही. कॉम्प्रेस्ड एअरच्या लाइनीही रंग देण्यापूर्वी दाबाखाली रात्रभर ठेवा आणि सकाळी गेज बघा.

प्रमाणपत्राबद्दल विचारलं होतं. ब्रीम हे हरित इमारतींचं प्रमाणपत्र १९९० मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालं, अमेरिकेतलं लीड त्यानंतर त्याच दशकाच्या अखेरीस. मी दोन्ही प्रकारचे प्रकल्प केलेत. त्यांचा खरा फायदा शिस्तीचा आहे: कागद वेळेवर जमा होतात, कमिशनिंगला कुणीतरी जबाबदार असतो, बाहेरचा माणूस तपासतो. तोटा असा की टीम गुणांच्या मागे धावू लागते आणि गुण स्वस्त कुठे मिळतात ते शोधते. सायकल स्टँडचा गुण मिळवण्यात आमची एक पूर्ण बैठक गेलेली मला आठवते. त्याच बैठकीत काचेच्या भिंतीचं क्षेत्रफळ वाढवायला कुणी हरकत घेतली नव्हती. ग्राहकाला हवं असेल तर प्रमाणपत्र जरूर घ्या, पण कामाची यादी स्वतः करा आणि मग त्यातून किती गुण होतात ते बघा.

आणि 'बजेट तेच, मुदत तीच' या वाक्याचं काय? वर सांगितलेल्यातलं बरंचसं फुकट आहे किंवा पैसे वाचवणारं आहे: हलकं पोलाद, लहान पंप, न बांधलेलं गोदाम. पण सगळं नाही. जाड इन्सुलेशन, चांगली काच, डिझायनरचे दोन जादा आठवडे यांना पैसे लागतात. ते लपवू नका. ऑक्सफर्डच्या बेंट फ्लूबिएर यांनी जगभरच्या १६,००० हून अधिक मोठ्या प्रकल्पांची माहिती गोळा केली. त्यातले फक्त ८.५ टक्के बजेटमध्ये आणि वेळेत पूर्ण झाले, आणि ठरवलेला लाभही मिळवून देणारे उरले ०.५ टक्के. व्यवस्थापनापुढे हा आकडा ठेवा आणि सांगा की पोलाद आणि पंपांतून जे वाचेल ते इन्सुलेशनच्या खात्यात वळवायची परवानगी आत्ता, लेखी हवी. वाचलेले पैसे परत तिजोरीत गेले की ते पुन्हा बाहेर येत नाहीत.

सल्लागार नेमायचाच असेल तर तो पुढच्या पंधरा दिवसांत नेमा, आणि अहवाल लिहायला नको, मांडणीच्या बैठकीत बसायला नेमा. पण त्याआधी एक काम आजच करा. ट्रान्सफॉर्मर आणि चिलर यांची ऑर्डर गेली आहे का ते खरेदी विभागाला विचारा. गेली नसेल तर विजेच्या भाराची यादी निव्वळ आकड्यांनिशी पुन्हा मागवा. गेली असेल तर तो विषय सोडून द्या आणि पाइपिंगचं ड्रॉइंग सुरू झालंय का ते बघा, ते बहुधा अजून सुरू झालेलं नसतं.